कडक गादीचे पुण्य

गादीच्या दुकानात हल्ली एक नवा प्रकार मानाने मांडलेला असतो. तळाला कापडी पिशव्यांत एकेक शिवलेल्या स्प्रिंगा, त्यांवर लॅटेक्सचे किंवा मेमरी फोमचे थर, वर विणलेले जाड कापड आणि एकूण जाडी दहा ते चौदा इंच. तिला हायब्रिड गादी म्हणतात. यातली महागडी ‘फर्म’ गादी दाखवताना विक्रेता दोन गोष्टी एका दमात सांगतो: ही ऐषारामी आहे आणि ही कडक आहे. पहिल्या गोष्टीने गिऱ्हाईक सुखावते, दुसरीने त्याच्या मनाची टोचणी शमते. कडक अंथरूण चांगले आणि मऊ वाईट ही आपल्यात मुरलेली समजूत नुसती आरोग्याची नाही, तिला धर्माचा आधार आहे. ब्रह्मचाऱ्याने भुईवर निजावे असे धर्मशास्त्र सांगते. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत क्षितिशयन, म्हणजे भुईवर निजणे, येते. बौद्ध उपासकाच्या अष्टशीलातले आठवे शील उंच आणि ऐषारामी शय्येपासून दूर राहण्याचे आहे. तेव्हा प्रश्न असा, की अंथरुणाच्या कडकपणात खरोखर काही पुण्य आहे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ज्या ग्रंथांच्या जोरावर आपण कडकपणाला मान देतो, त्यांचा रोख भलतीकडेच आहे, आणि तो ओळखला तरच शय्येची नीट परीक्षा करता येते.

आधी शरीराची साक्ष काढू. पाठदुखीला कडक अंथरूण बरे, हा सल्ला डॉक्टरही वर्षानुवर्षे देत आले. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला आणि २००३ साली ‘द लॅन्सेट’ने त्यांचे निष्कर्ष छापले. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना निवड न करता दोन गटांत वाटले होते. एका गटाला कडक गादी मिळाली, दुसऱ्याला मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचे दुखणे आणि हालचालीतली अडचण अधिक कमी झालेली आढळली. ‘जितकी कडक तितकी चांगली’ हा हिशेब इथे कोसळतो, आणि त्याचे कारण समजायला अवघड नाही. कुशीवर निजणाऱ्याचा भार मुख्यतः खांद्यावर आणि खुब्यावर येतो. गादीने त्यांना थोडे आत जाऊ दिले नाही, तर कणा मधल्या भागात अधांतरी राहतो आणि खालचा हात बधिर होतो. पालथे निजणाऱ्याचे उलट आहे. मऊ गादीत त्याचे पोट खोल जाते आणि कंबर ताणली जाते, म्हणून त्याला कडक गादी मानवते. उताणे निजणारा या दोघांच्या मधला. शिवाय पन्नास किलोच्या माणसाला जी गादी टणक लागते, तीच शंभर किलोच्या माणसाला बेताची वाटते. म्हणजे कडकपणा एकट्या गादीचा नसतो, तो गादी आणि निजणारा यांच्या जोडीचा असतो. निजणारा बदलला की जो गुण बदलतो, त्यावर सरसकट नैतिक शिक्का मारता येत नाही.

यावर धार्मिक माणूस म्हणेल की शरीराच्या सोयीने शीलाचे माप काढूच नये. ठीक आहे, शीलाच्याच दप्तरात पाहू. पाली विनयपिटकात खाटेविषयीचे नियम फार बारकाईचे आहेत. भिक्खूने नवी खाट करवून घेतली तर, खालची चौकट सोडून, तिचे पाय सुगतांच्या, म्हणजे बुद्धांच्या, बोटांच्या मापाने आठ अंगुळेच असावेत. जास्त असतील तर कापून टाकावेत. या नियमाची निमित्तकथा मार्मिक आहे. उपनंद नावाचा शाक्य भिक्खू उंच शय्येवर निजत असे. बुद्ध निवासस्थाने पाहत फिरत असताना हा पुढे होऊन त्यांना आपली शय्या पाहायला बोलावतो. बुद्ध तिथूनच मागे फिरतात आणि नियम घालून देतात. उपनंदाच्या पाठीला ती खाट मऊ लागत होती की टणक, याची कथेला काही पडलेली नाही. कथेत दोष आहे तो शय्या दाखवण्याच्या हौसेचा. चुल्लवग्गातला दुसरा प्रसंग याच्या शेजारी ठेवावा. सखल खाटेवर निजलेल्या एका भिक्खूला साप चावतो, तेव्हा खाटेच्या पायांखाली आधार देण्याची परवानगी मिळते. मग काही जण ते आधार उंचच उंच करू लागतात, म्हणून त्यांनाही आठ अंगुळांची मर्यादा पडते. भुईला टेकण्यातच पुण्य असते, तर सर्पदंश सोसण्याला तप म्हटले गेले असते. तसे झाले नाही. जीव वाचवायला लागेल तेवढी उंची मिळाली, त्यापुढची नाकारली गेली.

इथे जाणकार वाचक मला अडवेल. कापूस भरलेली खाट त्याच विनयात निषिद्ध आहे, सापडली तर कापूस उपसून काढायचा, मग मऊपणावर बंदी नव्हती असे कसे म्हणता? आक्षेप वजनदार आहे. पण तोच विनय उपसून काढलेल्या कापसाची उशी करायला मोकळीक देतो, आणि गादीत लोकर, कापड, साल, गवत किंवा पाने असे पाच प्रकारचे भरण मान्य करतो. उशीलाही माप आहे, ती डोक्यापुरती असावी, अर्ध्या अंगाएवढी नसावी. मऊपणा स्वतः दोषी असता तर डोक्याला सूट मिळाली नसती. भिक्खू कामभोगी गृहस्थांसारखे राहतात, अशी लोकांची तक्रार होती, आणि बंदी आली ती त्या तक्रारीवरून. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यातल्या खोल्यांत कातळात कोरलेले बाक पाहून आपल्या डोळ्यांपुढे उघड्या दगडावर निजणारे तपस्वी येतात. पण दगड दोन हजार वर्षे टिकतो आणि त्यावर जे काही अंथरले जात असेल ते कुजून जाते, एवढे लक्षात ठेवावे. त्याच अजिंठ्यात सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पात बुद्धांच्या मस्तकाखाली उशी कोरलेली आहे. ती कोरणाऱ्याला तिच्यात काही विसंगती वाटली नाही.

याहून कठीण आक्षेप जैन परंपरेकडून येतो. दिगंबर मुनींना गादी नाहीच. जमीन, फळी किंवा गवत, एवढेच. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना हे पुस्तकातून कळावे लागत नाही, विहार करणारे मुनी त्यांनी पाहिलेले असतात. इथे तरी कडकपणा हेच व्रत आहे ना? पण निजण्याआधी मुनी काय करतात ते बारकाईने पाहावे. मोरपिसांच्या पिच्छीने ते जागा हलकेच झाडून घेतात, अंगाखाली एखादा जीव सापडू नये म्हणून. भरलेल्या गादीच्या पोटात काय दडले आहे ते ना दिसते, ना झाडता येते. शिवाय गादी म्हणजे मालकी, ती सांभाळणे आणि गावोगाव वाहून नेणे. अहिंसा आणि अपरिग्रह यांचा विचार शेवटपर्यंत नेला की अंथरूण आपोआप भुईवर येते. टणकपणा हा त्या विचाराचा परिणाम आहे, हेतू नव्हे. म्हणूनच श्रावकाला भोगोपभोगाचे परिमाण ठरवण्याचे व्रत आहे, पण रोज भुईवर निजण्याची सक्ती नाही. मुनींचे अंथरूण उचलून गृहस्थाच्या शयनगृहात आणले आणि त्यामागची अहिंसा व अपरिग्रह दुकानातच ठेवले, तर हाती उरतो तो निव्वळ टणकपणा, तोही लाखाच्या भावाने.

अंगुत्तर निकायातला आळवीचा उपासक हत्थक या वादात फार उपयोगी पडतो. ऐन कडाक्याच्या थंडीत बुद्ध गुरांच्या वाटेवर पातळशा पानांच्या अंथरुणावर बसलेले त्याला दिसतात. खुरांनी तुडवून ती जमीन खडबडीत झालेली, वारा बोचरा, अंगावरची वस्त्रे गार. झोप नीट लागली का, असे तो विचारतो. बुद्ध होकार देतात आणि उलट एका धनिकाचे चित्र त्याच्यापुढे उभे करतात: गिलावा केलेले बंदिस्त घर, लोकरीच्या आस्तरणांचा पलंग, दोन्ही बाजूंना तांबड्या उशा, जळता दिवा. हा सुखाने निजेल का? हत्थक अर्थातच हो म्हणतो. मग बुद्ध विचारतात, त्याच्या अंगी राग, द्वेष किंवा मोह यांचा दाह पेटला तर? तेव्हा हत्थकाला आपले उत्तर बदलावे लागते. हा संवाद कडक भुईची थोरवी गाण्यासाठी आहे असे मानणे म्हणजे तो उलटा वाचणे. तापलेला माणूस त्या पानांवरही तळमळलाच असता. झोपेचे बरेवाईट शय्येच्या हातात नाही, एवढेच सूत्राचे म्हणणे आहे, आणि ते मऊ गादीइतकेच कडक गादीलाही लागू पडते. सुखाची हमी देणारा विक्रेता आणि पुण्याची हमी देणारा व्रतस्थ हे दोघेही शय्येवर तिला न पेलणारे ओझे टाकतात.

यावर कोणी संयुक्त निकायातल्या वैशालीच्या लिच्छवींचा दाखला देईल. लाकडी ओंडक्याची उशी घेऊन निजतात तोवर ते सावध आहेत, मगधराजा अजातशत्रूला त्यांच्यावर चालून जायला फट मिळत नाही. पुढे ते नाजूक होतील, मऊ शय्येवर सूर्योदयापर्यंत लोळतील, आणि मग ती फट त्याला सापडेल, असे तिथे बुद्धच सांगतात. ऐषाराम हळूहळू माणसाला पोखरतो हे मलाही मान्य आहे. पण या उदाहरणातले खरे भय उठण्याच्या वेळेचे आहे. सूत्राला जागरूकता टिकवायची आहे, आणि ओंडका ही तिची त्या काळची खूण. रात्रभर खांदा ठणकल्यामुळे दिवसा पेंगणारा माणूस ओंडक्यावर निजूनही लिच्छवींच्या दुसऱ्या पिढीतच जमा होतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही योग्याचे आसन फार उंच नसावे तसे फार सखलही नसावे असे आहे, त्यावर कुश, अजिन आणि वस्त्र असे थर सांगितले आहेत, आणि त्याच अध्यायात अतिझोपेइतकेच अतिजागरणही योगाला बाधक ठरवले आहे. हा सारा विचार प्रमाणाचा आहे.

आता सगळ्यात अवघड शंका. ‘ज्याची त्याची गरज’ असे म्हटले की पळवाटेला दार उघडतेच. श्रीमंत माणूस म्हणेल, माझ्या पाठीची गरज दीड लाखाची आहे. पण गरज आणि मिरवणूक यांत एक फरक तपासून पाहता येतो: गरज भागते, मिरवणूक भागत नाही. खांदा आणि खुबा पुरेसे आत गेले, कणा सरळ राहिला, शेजारच्याने कूस बदलल्याने झोप मोडली नाही, की शरीराचे मागणे संपले. पुढचा इंचभर फोम त्याला कळतही नाही. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या, गुडघे धरलेल्या सत्तरीच्या उपासिकेला भुईवरून उठणे जमत नसेल, तर बेताच्या उंचीची साधी खाट ही तिच्यापुरती सापासाठी दिलेल्या आधारासारखीच आहे. शीलाचा शब्द काटेकोर पाळणाऱ्यांना हे सैल वाटेल. परंतु आधार द्या आणि त्यालाही माप घाला, ही रीत खुद्द विनयाचीच आहे.

कडकपणाच्या कौतुकात आणखी एक धोका आहे. भुईवर निजण्याला पुण्य म्हटले की ज्यांना भुईशिवाय काही मिळालेच नाही त्यांच्या लाचारीलाही तेज चढवले जाते. बौद्ध धम्माच्या भवितव्याविषयी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्माची एक कसोटी अशीही सांगितली, की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. ज्याच्याजवळ आहे त्याने सोडले तर तो त्याग. ज्याच्याजवळ नाही त्याच्या नसण्यात धन्यता कसली? पुलाखाली पुठ्ठ्यावर निजणाऱ्याची पाठ मुनींच्या पाठीइतकीच भुईला टेकते, पण त्याने काहीही सोडलेले नाही. कडकपणाच पुण्य असता तर दोघांच्या खात्यावर तो सारखाच जमा व्हायला हवा होता.

म्हणून गादी घेणाऱ्याने आपण कुशीवर निजतो की पालथे, वजन किती, शेजारी कोण निजते हे बघावे आणि त्याला मानवेल तितकी कडक किंवा मऊ गादी खुशाल घ्यावी. त्यात पाप नाही आणि पुण्यही नाही. आठव्या शीलाचा अंमल सुरू होतो तो त्यापुढे, किमतीतला जो भाग पाठीला कळत नाही, फक्त पाहुण्याला कळतो, त्या भागावर.