फुंकणी

आमच्या मुरुडच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, एक लोखंडी फुंकणी पडून आहे. अंगभर गंजलेली, पण एका टोकाला ओठ लागून लागून गुळगुळीत झालेली. गॅस आल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. काही वर्षांपूर्वी ती मी हातात घेतली, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे.

झाले ते असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले आणि वाड्यावाड्यांतून नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आमच्याही वाडीत आंब्याच्या फांद्या, झावळ्या, सोडणे यांचा ढीग साचला. जे माड तगले त्यांतले दोन, परवाना असलेल्या एका शेजाऱ्याने पुढच्या थंडीत नीरेसाठी घेतले. पहाटे तो आतून चुना फासलेले मडके घेऊन खाली उतरे. चुन्यामुळे नीरा आंबत नाही, तिची माडी होत नाही. लाकूड फुकटचे, नीरा दाराशी आणि मी निवृत्त शास्त्रशिक्षक! मनात आले, माडाचा गूळ करून पाहावा. गोव्यात तो पूर्वापार होतो. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानेही ताडगुळाचा पुष्कळ प्रचार केला होता.

तीन बाजूंनी जांभ्याचे चिरे रचले, वर पसरट परात ठेवली, दहा लिटर नीरा ओतली आणि खाली लाकडे कोंबली. धूर झाला. आणखी लाकडे कोंबली. आणखी धूर झाला. मग कोनाड्यातली फुंकणी आठवली. दुपारपर्यंत फुंकफुंक फुंकले. डोळे लाल, छातीत खोकला, आणि परातीत धुराचा वास मारणारे पिवळसर पाणी!

रस आटवणे हे मुळातच जळणखाऊ काम आहे. लिटरभर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, तिच्या सातआठपट ते वाफ करून उडवायला लागते. कॅनडातले शेतकरी मेपल झाडाचा रस असाच आटवतात. तो तर इतका पातळ की चाळीस लिटरांतून जेमतेम लिटरभर पाक निघतो. आपल्या नीरेत साखर बरीच असते, दहा लिटरांमागे सव्वा-दीड किलो गूळ पडायला हरकत नाही. म्हणजे नीरेत खोट नव्हती आणि लाकडातही नव्हती. एक किलो सुके लाकूड पुरते जळायला पाच-सहा किलो हवा लागते, आणि मी हवेला शिरायला बोटभर फट ठेवली नव्हती. धूर म्हणजे न जळलेले लाकूड. मी जळण घालत नव्हतो, ते आकाशात उधळत होतो.

दुसऱ्या दिवशी चूल मोडून पुन्हा रचली. जुन्या खिडकीचे गज आडवे टाकून त्यांवर लाकडे ठेवली. गजांखाली राखेला आणि हवेला वीतभर पोकळी सोडली. लाकडे मनगटाएवढी फोडली आणि अर्ध्याहून अधिक चूल भरायची नाही असे ठरवले. ज्वाळेच्या उंचीवर भिंतीत चार भोके ठेवली, म्हणजे वर उठणाऱ्या धुराला पुन्हा हवा मिळून तोही जळावा. मागे पुरुषभर उंचीचे पत्र्याचे धुराडे उभे केले. तापलेली हवा त्यातून वर जाते आणि खालून ताजी हवा आपल्यामागे ओढून आणते. फुंकायचे काम धुराड्याने पत्करले. अडीच तासांत पाक बोटाला चिकटू लागला. धूर शोधावा लागत होता.

हिने पडवीतून हे सारे पाहिले होते. ती जवळ आली, जाळीखालची पोकळी वाकून पाहिली, धुराड्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, एवढंच होतं होय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

ती १९७९ साली या घरात आली. गॅसचे सिलिंडर आले १९९४ साली. मधली पंधरा वर्षे ती त्या फुंकणीने चूल फुंकत होती. चुलीला लागणारी हवा तिने आपल्या छातीतून पुरवली. दिवाळीच्या आदल्या रात्री ती चकल्या तळत असे आणि मी झोपाळ्यावर दिवाळी अंक वाचत असे. धूर माझ्यापर्यंत आला की मी ओरडे, "अगं, दार लोटून घे!" आणि ती दार लोटून घेई. त्याच वर्षांत मी शाळेत पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घालून ती विझवून दाखवत होतो. ज्वलनाला प्राणवायू लागतो, हे मुले पाठ म्हणत. पेल्याखाली माझ्याच घरची बाई होती, हे गुरुजींच्या लक्षात आले नाही!

आता प्रश्न असा, की हा दोष कोणता? क्रूरपणा म्हणावा, तर तिला दुःख द्यावे असे माझ्या मनात कधीच नव्हते. अज्ञान म्हणावे, तर जे ठाऊक असायला हवे ते सारे ठाऊक होते. त्या काळी घरोघर असेच होते, असे म्हणून मी पुष्कळ दिवस सुटका करून घेतली. पण तेही पुरते खरे नाही. मगनवाडीने धुराड्याची 'मगन चूल' कधीच केली होती. सरकारने १९८३ पासून सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रमही चालवला. तो माझ्या कानावर होता. मी तो 'खेड्यातल्या लोकांसाठी' आहे असे समजत होतो, मुरुडात राहून!

मला वाटते, अज्ञान आणि क्रूरपणा यांच्यामध्ये एक तिसरी जागा आहे, आणि बहुतेक सज्जन माणसे तिथेच राहतात. धूर दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो तोवर आपण त्याला रीत म्हणतो. आपल्या डोळ्यांत गेला की तोच प्रश्न होतो, आणि मग त्याचे उत्तर एका दिवसात सापडते. घरातल्या चुलींच्या आणि शेगड्यांच्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या घरांतून विज्ञान शिकलेले कोणीच नसेल काय?

हिने गरम पाक करवंट्यांत ओतून गूळ पाडला. निवाल्यावर एक खडा तोंडात टाकला. "चांगला झालाय," म्हणाली, आणि हसून, "धुराचा वास नाही."

हल्ली नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीतली चूल मी पेटवतो. तिलाही आता जाळी आहे, धुराडे आहे. फुंकणी टाकून देऊ का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "असू द्या. तुम्हाला आठवण राहील."

वाचकहो, हा अंक तुम्हीही बहुधा झोपाळ्यावर किंवा खुर्चीत बसूनच वाचत असाल. तुमच्या घरी आज चूल नसेल, धूरही नसेल. तरी क्षणभर अंक मिटून आत डोकावून पाहा. आपण कोणाला दार लोटून घ्यायला सांगितले आहे काय?