आरपार जाणारे घोडे

घोडेस्वारीच्या मैदानाच्या दोन कोपऱ्यांतून दोन रांगा तिरक्या निघतात. प्रत्येक रांगेत चार स्वार. मैदानाच्या मध्यावर या रांगा एकमेकींना छेदतात. इकडचा एक, मग तिकडचा एक, मग पुन्हा इकडचा, अशी वेणी घातली जाते. खऱ्या मैदानावर हे करायचं तर पुढच्या-मागच्या घोड्यांमध्ये पुरेशी जागा सोडावीच लागते, नाहीतर पाचपाचशे किलोची दोन जनावरं एकमेकांवर आदळतील. हाच प्रकार संगणकावरच्या आमच्या खेळात केला, तर काहीच होत नाही. घोडे एकमेकांच्या आरपार जातात. कुणी पडत नाही, कुणाला खरचटत नाही, खेळ गुणही कापत नाही. मग तिथे जागा सोडायची कशासाठी?

प्रश्न पोरकट वाटेल. पण गेली दोन वर्षं मी अशा एका आभासी रायडिंग क्लबमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला जाते, आणि या प्रश्नात बरंच काही दडलेलं आहे असं मला वाटू लागलं आहे.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंटरनेटवर घोडेस्वारीचे खेळ आहेत. स्वीडनमध्ये तयार झालेला ‘स्टार स्टेबल’ हा त्यातला बऱ्यापैकी माहितीतला. त्यात यॉर्विक नावाचं काल्पनिक बेट आहे आणि तिथे जगभरचे खेळाडू आपापले घोडे घेऊन फिरतात. अशा खेळांत लोक क्लब काढतात, आणि काही क्लब मिळून ड्रेसाज करतात. आमचाही तसलाच एक क्लब. आठ-दहा जणी, वेगवेगळ्या देशांतल्या, शाळकरी मुलींपासून माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बायकांपर्यंत. एकमेकींचे चेहरे आम्ही पाहिलेले नाहीत. एक जण आवाज देते आणि बाकीच्या त्या आवाजावर घोडे वळवतात. एवढाच कार्यक्रम.

ड्रेसाज म्हणजे मूळ फ्रेंच अर्थानं ‘शिकवणं’, ‘तयार करणं’. वीस बाय साठ मीटरचं मैदान, त्याच्या कडेनं लावलेली अक्षरं, ‘ए’पाशी आत यायचं, ‘सी’पाशी वळायचं. एरवी हा एक घोडा आणि एक स्वार यांचा मामला. पण त्याचा सामूहिक प्रकारही जुना आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचा कागदोपत्री पहिला उल्लेख १५७२चा, आणि तिथले पांढरे लिपिझ्झान घोडे आजही संगीतावर एकत्र आकृत्या करतात. त्याला क्वाड्रिल म्हणतात. कॅनडाच्या घोडदळ पोलिसांच्या ‘म्युझिकल राइड’मध्ये बत्तीस स्वार असतात. आम्ही पडद्यावर जे करतो ते याचंच गरीब भावंड.

गरीब का, तर आमच्याकडे घोडाच नाही. ड्रेसाजमधला सगळा नैतिक पेच घोड्यापाशी असतो. झेनोफननं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. जबरदस्तीनं करवलेल्या हालचालीत घोड्याला समज येत नाही आणि पाहणाऱ्याला सौंदर्य दिसत नाही, चाबकाखाली नाचणाऱ्या माणसाचं होईल तसंच घोड्याचं होतं, असं त्याचं म्हणणं. ही गोष्ट जुनी झालेली नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर एका नामवंत ब्रिटिश स्वार महिलेनं प्रशिक्षणाच्या वेळी घोड्याला चाबकानं वारंवार मारल्याची चित्रफीत पुढे आली आणि तिनं स्पर्धेतून माघार घेतली. घोडा ‘नको’ म्हणू शकतो, पण राजीनामा देऊ शकत नाही. खऱ्या ड्रेसाजमध्ये ही बोच कायम राहते.

आमचा घोडा ‘नको’ म्हणतच नाही. बटण दाबलं की वळतो. त्याला भूक नाही, पाठदुखी नाही, वाईट दिवस नाही. त्याच्यावर अन्याय होऊ शकत नाही, आणि म्हणून त्याच्याशी चांगलं वागण्यालाही अर्थ नाही. मग आम्ही तिथे नक्की शिकतो तरी काय? घोडा बाजूला काढला की उरतात फक्त बाकीचे स्वार. एरवी घोड्याला सांभाळण्याच्या गडबडीत जे मागे पडतं ते इथे समोर येतं.

सुरुवातीला दोनच वळणं शिकवतात. पहिलं असं की सगळ्यांनी एकाच जागी वळायचं. रांग एकामागे एक चालली आहे. पुढची जिथे वळली तिथे पोचल्यावर मी वळायचं, माझ्या मागचीनं तिथेच येऊन वळायचं. जागा एक, वेळा वेगवेगळ्या. दुसरं असं की सगळ्यांनी एकाच क्षणी वळायचं, जी जिथे असेल तिथून. वेळ एक, जागा वेगवेगळ्या. यानं उभी रांग झटक्यात आडवी होते. पहिल्या वळणात पुढचीवर भिस्त ठेवावी लागते, दुसऱ्यात आवाज देणारीवर.

मग येतं चाक. चौघी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि ही आडवी रांग घड्याळाच्या काट्यासारखी एका टोकाभोवती फिरते. समजा, आतली स्वार मध्यापासून दोन मीटरवर आहे, पुढच्या चार, सहा आणि आठ मीटरवर. एका पूर्ण फेरीत आतलीला साडेबारा मीटर जायचं असतं आणि बाहेरचीला पन्नास. वेळ मात्र दोघींना तेवढाच. म्हणजे आतलीनं जवळपास रांगायचं आणि बाहेरचीनं दुडकी धरायची. आमच्या खेळात वेगाच्या ठरावीक पायऱ्या आहेत, मधला वेग नाही. त्यामुळे आतलीची बोटं सारखी वेग कमी-जास्त करत असतात. पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते ती एक सरळ रेघ, आणि सगळ्या सारखंच काम करताहेत असा भास. प्रत्यक्षात सगळ्या सारख्या वेगानं चालल्या तर ती रेघ पहिल्या चार पावलांतच मोडेल. समतेच्या गप्पा मारताना हे चाक मला बरेचदा आठवतं.

आता इंटरनेटची भानगड. पडद्यावर माझा घोडा मी बटण दाबताच हलतो, पण बाकीच्यांच्या हालचाली माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. समजा, एक पंचमांश सेकंद. घोडा सेकंदाला सहा मीटर पळत असेल, तर तेवढ्यात सव्वा मीटर जातो, म्हणजे घोड्याची अर्धी लांबी. मला शेजारीण दिसते ती ती आत्ता असते तिथे नाही, मघाशी होती तिथे. तिलाही मी तशीच दिसते. दोघींनी एकमेकींकडे बघून बरोबरीत राहायचा प्रयत्न केला, तर दोघीही आपण पुढे गेलो समजून वेग कमी करतील, आणि सगळी रांग हळूहळू मंदावत जाईल. म्हणून नवख्यांना सांगतात, बाजूला बघू नकोस, आवाजावर चल. स्वतःच्या डोळ्यांना रांग वाकडी दिसत असताना ती सरळ आहे असं धरून चालायचं. आठ जणींच्या पडद्यांवर आठ वेगवेगळ्या रांगा असतात आणि ‘खरी’ रांग कुणालाच दिसत नाही.

इथे मला मार्गारेट गिल्बर्ट या तत्त्वज्ञ बाईंची आठवण होते. १९९०मध्ये त्यांनी ‘एकत्र चालणं’ या साध्या गोष्टीवर एक निबंध लिहिला. दोन माणसं रस्त्यानं शेजारी शेजारी चालली आहेत, तेवढ्यानं ती एकत्र चालली आहेत असं होत नाही. एकत्र चालत असतील, तर एकानं न सांगता पुढे निघून जाणं दुसऱ्याला टोचतं, आणि तसं बोलून दाखवायचा हक्क त्याला असतो. म्हणजे करार न करता, सही न करता, नुसत्या एकत्र चालण्यातून दोघांचं एकमेकांना देणं तयार झालेलं असतं. हे पटलं, तर आरपार जाणाऱ्या घोड्यांच्या प्रश्नाचं उत्तर जवळ येतं. मी जागा सोडली नाही, तर समोरचीला इजा होत नाही हे खरं. पण वेणी तिनं आणि मी मिळून घालायला घेतली होती. मी तिच्या आरपार गेले, तर वेणी तिथेच संपली, आणि ती एकटी काहीतरी करत राहिली. नुकसान शरीराचं नाही, पण ज्या गोष्टीत आम्ही दोघी होतो, ती गोष्टच मी मोडली.

यावर कुणी म्हणेल, हे फार ताणलं. खेळच तो. संगणक बंद केला की संपलं. मान्य. पण निघून जाणं इतकं सोपं आहे, म्हणूनच तिथे थांबण्याला काहीतरी वजन येतं. घोड्याला ही सोय नाही, सैनिकालाही नाही. आणि कवायतीचा इतिहास सैन्याचाच आहे. विल्यम मॅकनील या इतिहासकाराचं १९९५चं एक पुस्तक कवायत आणि नृत्य यांवरच आहे. एका लयीत एकत्र हात-पाय हलवले की माणसांत एक गूढ आपलेपणा तयार होतो, असं त्यात ते दाखवतात. लेझमाच्या रांगेत किंवा ढोलपथकात उभं राहिलेल्या कुणालाही हे पटेल. पण हा आपलेपणा आंधळा असतो. तो चांगल्या कामामागे उभा राहतो, तसाच वाईटामागेही राहतो. पाऊल जुळलं म्हणजे मन शुद्ध झालं असं नाही. मग एखाद्या रांगेची पारख कशी करायची? माझ्या मते, जिचं पाऊल जुळत नाही तिचं रांग काय करते, हे बघून.

आमच्याकडे ही वेळ आली. क्लबच्या वार्षिक कार्यक्रमाची तयारी चालली होती. त्याचं चित्रीकरण होणार होतं, इतर क्लबांच्या मंडळींनाही बोलावलं होतं. आमच्यातली एक जण डोंगराळ भागातून मोबाइलच्या नेटवर खेळायची. तिच्यापर्यंत आवाज उशिरा पोचायचा आणि तिचं वळण आम्हाला आणखी उशिरा दिसायचं. एकाच क्षणी वळताना सात घोडे वळत आणि आठवा सरळ जात राही. तिचं कौशल्य कमी नव्हतं, तारा लांब होत्या. काहींचं म्हणणं पडलं की तिनं या वेळी प्रेक्षकांत बसावं. ते म्हणणं दुष्टपणाचं नव्हतं. आठवडेच्या आठवडे घाम गाळून बसवलेल्या आकृतीचंही आपल्यावर काही देणं असतं. पाहायला येणाऱ्यांना वेडंवाकडं दाखवायचं का, हाही रास्त प्रश्न. त्यात तिनं स्वतःच सांगून टाकलं, मी बसते, माझं काही नाही.

गिल्बर्टबाईंच्या हिशेबानं तिथे विषय मिटला. जिचं देणं होतं तिनंच ते माफ केलं. पण सात जणी आपल्याकडे बघत गप्प बसल्या असताना आठवी ‘माझं काही नाही’ म्हणते, तेव्हा ती माघार घेते की तिच्याकडून ती घेतली जाते, हे ठरवणं अवघड आहे. आपल्या घरांत, कचेऱ्यांत अशा किती माफ्या रोज मिळतात आणि आपण त्या किती सहज खिशात टाकतो!

आवाज देणारीनं मग वेगळाच तोडगा काढला. तिनं या मुलीला रांगेत सगळ्यात पुढे ठेवलं. पुढे असणारीचं चित्र उशिरा दिसलं तरी बिघडत नाही, कारण बाकीच्या ते जसं दिसेल त्याच्या मागे जातात. अंतर थोडं वाढतं, इतकंच. बहुतेक आकृत्या एकाच जागी वळण्याच्या बसवल्या. उभी रांग झटक्यात आडवी होते तो सगळ्यात देखणा प्रकार गाळावा लागला. दोघी जणी क्लब सोडून गेल्या. त्यांच्या जागी दोघींना घाईनं तयार केलं आणि कार्यक्रम बरा झाला, पण डोळे दिपावेत असा नाही.

हा निर्णय योग्य होता असं माझं मत आहे, पण तो फुकट पडला नाही. एक सुंदर गोष्ट गेली, दोन माणसं गेली. गेलेल्यांना वाईट ठरवून मी माझं मत भक्कम करणार नाही. मला एवढंच दिसतं की तोडग्यापर्यंत आम्ही ‘रांग कशी असावी’ हे आधी ठरवून ‘तिच्यात कोण बसतं’ हे बघत होतो. तिनं क्रम उलटा केला. आधी माणसं मोजली, मग त्यांना जमेल अशी आकृती शोधली. चाकातल्या बाहेरचीनं जास्त पळायचं हे आम्ही कधीच मान्य केलं होतं. तसंच इथेही कुणीतरी काहीतरी जास्तीचं सोसायचं होतं, फक्त ते पळणं नव्हतं, सोडून देणं होतं.

घोड्याची उणीव यानं भरून निघत नाही. आमच्या क्लबातून कुणी उद्या खऱ्या तबेल्यात गेली, तर मांड कशी ठोकायची, लगाम किती ओढायचा, कान मागे पाडलेल्या घोड्यापासून लांब कधी व्हायचं, हे सगळं तिला पहिल्यापासून शिकावं लागेल. ‘नको’ म्हणणाऱ्या जिवाशी कसं वागायचं, हे बटणं शिकवत नाहीत. पण मैदानाच्या मध्यावर समोरून रांग येताना दिसली, तर किती जागा सोडायची, आणि ती का सोडायची, हे बहुधा तिला वेगळं सांगावं लागणार नाही.