मौनाचा दोष

खोटें बोलूं नये, हें आपण मुलांस पहिल्या पाटीपासून शिकवितों. परंतु जें सांगावयास हवें तें न सांगणें हा दोष आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो केवढा, याचा विचार थोरांच्या जगांतहि क्वचितच होतो. हा प्रश्न नुसत्या तर्कशास्त्राचा नाहीं. ज्या घरांतून तीन-चार वर्षांचें मूल रोज सकाळीं बालवाडींत जातें, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊं. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील चार वर्षांची मुलगी दुपारीं शाळेंतून घरीं आली. संध्याकाळीं वेणी घालतांना आजीच्या हाताला डोक्यावरचें टेंगूळ लागलें. विचारलें तेव्हां 'पडलें' एवढेंच ती म्हणाली. कोठून, केव्हां, कशावर, याचें उत्तर तिच्यापाशीं नव्हतें. दुसऱ्या दिवशीं चौकशी करतां कळलें, कीं ती घसरगुंडीवरून पडली होती, बाईंनीं थंड पाण्याची पट्टी ठेवून तिला उगी केलें होतें, आणि घरच्यांना उगाच काळजी नको म्हणून कांहीं कळविलें नव्हतें. मुलीला पुढें कांहीं झालें नाहीं. म्हणूनच हें उदाहरण विचारास सोयीचें आहे. अनर्थ घडला म्हणजे दोष कोणासहि दिसतो. तो टळला तरी दोष उरतो काय, हीच खरी कसोटी होय.

आमच्या मतें तो उरतो. डोक्याच्या माराचीं लक्षणें पुष्कळदां लगेच दिसत नाहींत. वांती, गुंगी, असंबद्ध बोलणें हीं कांहीं तासांनीं, क्वचित् दुसऱ्या दिवशींहि प्रकट होतात. त्या वेळीं मूल शाळेंत नसून आईजवळ असतें. पडल्याची वार्ता ठाऊक असलेली आई त्या गुंगीला भिऊन वैद्याकडे धांव घेईल. ठाऊक नसलेली आई, दमली असेल बिचारी, असें म्हणून तिला थोपटून निजवील. बाईंनीं काळजी वांचविली नाहीं. काळजी घेण्याचें साधन मात्र काढून घेतलें.

यावर कोणी म्हणेल, कीं न सांगणें म्हणजे असत्य नव्हे. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट यानें 1797 सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत असत्याला कोणत्याहि निमित्तानें सूट दिली नाहीं. तथापि मनांतील प्रत्येक गोष्ट बोललीच पाहिजे असेंहि त्याचें म्हणणें नव्हतें. हा भेद आम्हांस मान्य आहे. वाटेवरच्या अनोळखी माणसाशीं आपण मौन धरलें तर त्यांत त्याची फसवणूक नाहीं. परंतु जेथें सांगण्याचा भार एकानें पत्करलेला असतो, तेथें त्याचें मौनच बोलूं लागतें. दुपारीं दारांत मुलीचा हात आजीच्या हातीं देतांना बाई कांहीं बोलल्या नाहींत, याचा अर्थ 'सर्व कुशल आहे' असाच झाला. युधिष्ठिरानें अश्वत्थाम्याविषयीं उच्चारलेलें वाक्य अक्षरशः खरें होतें, तरी त्याचा रथ भूमीला टेकलाच.

हा भार कोठून येतो? इंग्लंडांतील एका खटल्यांत 1893 सालीं लॉर्ड ईशर यांनीं असें तत्त्व मांडलें, कीं दक्ष पिता आपल्या मुलांची जेवढी काळजी घेईल तेवढी शिक्षकानें विद्यार्थ्यांची घ्यावी. दक्ष पिता मुलाचें पडणें मुलाच्या आईपासून लपवील काय? शिवाय येथें आणखी एक विशेष आहे. मोठा मुलगा घरीं येऊन आपली हकीकत स्वतः सांगतो. तीन वर्षांचें मूल आपल्या दुःखाचा साक्षीदार होऊं शकत नाहीं. त्याची साक्ष शाळेच्याच मुखानें व्हावयाची असते. तें मुख मिटलें म्हणजे साक्ष संपली.

कायद्याचें साहाय्य येथें तोकडें पडतें. बालकांवरील लैंगिक अपराधांविरुद्धच्या 2012 सालच्या कायद्यानें असा अपराध जाणणाऱ्या प्रत्येकावर तो कळविण्याचें बंधन घातलें आहे; हाताखालच्या माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. 2009 सालचा शिक्षणहक्काचा कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. घसरगुंडीवरून पडलेल्या चार वर्षांच्या मुलीचा कैवार बहुतेक बाईंच्या विवेकबुद्धीलाच घ्यावा लागतो.

मग आईबापांनीं काय करावें? प्रथम हें ओळखावें, कीं पडणें हा दोष नव्हे. डॉ. मॉन्टेसोरी यांनीं 6 जानेवारी 1907 रोजीं रोममध्यें पहिलें बालगृह उघडलें, 1920 सालीं गिजुभाई बधेका यांनीं भावनगरास बालमंदिर काढलें, 1945 सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस बालवाडी सुरू केली. या सर्वांनीं मुलाला मोकळें हिंडूं फिरूं दिलें. जेथें मुलें हिंडतात तेथें तीं पडणारच. जे पालक प्रत्येक खरचटण्याचा जाब विचारतात, ते न कळत मौनाची शिकवणी देतात. कारण अल्प वेतनावर राबणाऱ्या बाईंना नोकरीची भीति सत्याहून जवळची वाटते. म्हणून पहिला प्रश्न 'पडली कशी?' हा नसावा. 'आम्हांस कळविलें कां नाहीं?' हा असावा. तो शांतपणें, परंतु चालकांसमोर विचारावा. आणि प्रत्येक इजेची नोंद वहींत होईल व त्याच दिवशीं घरीं कळविली जाईल, असें वचन लेखी घ्यावें.

एवढ्यावर जी शाळा आपली चूक मानून सुधारते, तिच्यावरील विश्वास पूर्वींपेक्षां दृढ होण्यास हरकत नाहीं. परंतु जी पुन्हां दडविते, किंवा मुलालाच 'घरीं सांगूं नकोस' असें बजाविते, तेथून मूल तत्काळ काढावें. डोक्याची जखम आठ दिवसांत भरते. पण आपलें दुःख आपल्याच माणसांपासून लपवावयाचें असतें, हा धडा एकदां मनांत रुजला, म्हणजे तो पुसून काढणें फार कठीण होय.