अध्यक्ष कोणाचा?

सभा म्हटली की तिला अध्यक्ष असावयाचाच, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तो असतो कशासाठी याचा विचार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. नावाची सूचना, तिला अनुमोदन, पुष्पहार आणि शेवटी आभारप्रदर्शन एवढ्या उपचारांत आपण हे पद बसवून टाकले आहे. जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा येथे एका सायंकाळी पारावर ग्रामसभेच्या गोष्टी निघाल्या असता एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "मास्तर, सभेचा अध्यक्ष नेमका कुणाच्या बाजूचा असतो?" मी वर्गातले उत्तर दिले, "कोणाच्याच नाही." म्हातारा हसला आणि चंची उघडीत म्हणाला, "कुणाच्याच बाजूचा न्हाई असा माणूस अजून जन्मायचा हाय."

माझे उत्तर शास्त्राला धरून होते; परंतु त्याने शंकेचे समाधान झाले नाही, आणि पुढे विचार करता माझेही झाले नाही. अध्यक्ष हा मते असलेला मनुष्य असतो. त्याला बहुमताने निवडलेले असते, तेव्हा त्या बहुमताचे त्याच्यावर ऋण असते. स्वतःच्या मताशी प्रामाणिक राहण्याचे कर्तव्यही त्याला इतर मनुष्यांप्रमाणेच असते. आणि ज्यांनी त्याच्याविरुद्ध मत दिले, त्यांचाही तो अध्यक्षच असतो. या तीन हक्कदारांची मागणी एकाच वेळी पुढे आली, तर त्याने कोणाची पुरवावी? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. पण त्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा होऊन गेलेल्या अध्यक्षांच्या आचरणात अधिक स्पष्ट सापडते. त्यांपैकी तिघांचा येथे विचार करू.

पहिले उदाहरण १९०७ सालच्या राष्ट्रसभेचे. अधिवेशन भरावयाचे होते नागपुरास; ते सुरतेस नेण्यात आले आणि डॉ. रासबिहारी घोष यांची अध्यक्षपदी योजना झाली. २६ डिसेंबरची बैठक गोंधळात आटोपली. दुसऱ्या दिवशी घोष भाषणास उभे राहिले, तोच लोकमान्य टिळक व्यासपीठावर आले. आपण सूचनेची चिठ्ठी आधीच दिली असून आपणांस बोलण्याचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. अध्यक्षांनी ते नियमबाह्य ठरविले. टिळक हाताची घडी घालून उभेच राहिले. मग जोडा उडाला, खुर्च्या उडाल्या आणि सभा मोडली. नियमाच्या अक्षराने कोण चुकले, हा वाद त्या वेळी पुष्कळ झाला आणि त्यात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. घोष हे मोठे कायदेपंडित. त्यांच्या निकालास आधार नव्हता असे कोण म्हणेल? परंतु एका मनुष्यास बोलू दिले असते, तर फार तर त्याची सूचना मतास पडून फेटाळली गेली असती. ती ऐकूनच न घेतल्यामुळे दोन पक्ष वेगळे झाले आणि ते पुन्हा एकत्र येण्यास १९१६ सालची लखनौची बैठक उजाडावी लागली. निकाल कायदेशीर असणे एवढ्याने अध्यक्षाचे कर्तव्य संपत नाही. हरणाऱ्याला आपण ऐकले जाऊन हरलो असे वाटावे लागते. तसे न वाटल्यास तो पराभव मान्य करीत नाही, आणि पराभव मान्य करणारा पक्ष नसेल तर बहुमताला अर्थ उरत नाही.

दुसरे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल. १९२५ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने त्यांना निवडले, तेही ५८ विरुद्ध ५६ अशा अवघ्या दोन मतांनी. अध्यक्ष होताच त्यांनी स्वराज्य पक्षाचे सभासदत्व सोडले. ज्या पक्षाने त्यांना खुर्चीवर बसविले त्याचे ऋण त्यांनी अशा रीतीने पहिल्याच दिवशी नाकारले, आणि १९२७ साली त्याच सभेने त्यांना बिनविरोध निवडले. परंतु त्यांची खरी परीक्षा झाली ती सप्टेंबर १९२८ मध्ये. सार्वजनिक सुरक्षिततेच्या विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी समसमान मते पडली आणि निर्णय अध्यक्षांच्या एका मतावर आला. त्यांनी ते विधेयकाविरुद्ध दिले. कारण असे की, एवढा असाधारण कायदा ज्याला हवा असेल त्याने सभेतूनच बहुमत मिळवावे. अध्यक्षाच्या मताचे उसने बळ घेऊन तो करू नये. या कारणाची थोरवी अशी की, त्यात त्यांचे स्वतःचे मत आणि पदाचा धर्म हे दोन्ही एका जागी आले. मात्र असा योग नेहमी येत नाही. १९३० साली सत्याग्रहाचा वणवा देशभर पेटला, तेव्हा मन एका बाजूला आणि खुर्ची दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची अवस्था झाली. खुर्चीवर राहून ती आपल्या मनाकडे थोडी झुकविणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला, खाली उतरले, आणि त्याच वर्षी तुरुंगात गेले.

तिसरे दादासाहेब मावळंकर. हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील, पण वाढले अहमदाबादेस. १९४६ च्या जानेवारीत मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष म्हणून ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले. आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेत शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनी. विठ्ठलभाईंप्रमाणे त्यांनी पक्ष सोडला नाही. आपल्याकडील परिस्थितीत अध्यक्षाने राजकारणातून सर्वस्वी निवृत्त होणे अद्याप शक्य नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. हा मार्ग अधिक निसरडा होय, यात शंका नाही. परंतु त्याच पक्षाचे सरकार ऊठसूट वटहुकूम काढू लागले, तेव्हा ही पद्धत लोकशाहीला धरून नाही, असे त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये पंतप्रधानांस लिहून कळविले.

त्यांच्यावरही आक्षेप होताच. तहकुबीच्या सूचना ते फार काटेकोरपणे नाकारतात, अशी विरोधकांची तक्रार होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहापुढे आला. राज्यघटनेच्या ९६ व्या कलमाप्रमाणे अशा वेळी अध्यक्षाला खुर्चीवर बसता येत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी ती घेतली. ठराव फेटाळला जाणार, हे सर्वांस ठाऊक होते. तरीही चर्चेचा अधिक वेळ विरोधकांस द्यावा, अशी विनंती सभागृहाचे नेते पंडित नेहरू यांनी स्वतःच केली. खुर्ची सोडणे हे नियमाने झाले. हा वेळ देण्यास मात्र कोणताही नियम भाग पाडीत नव्हता.

या तिघांना शेजारी बसवून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, पक्ष सोडला की ठेवला, एवढ्यावरून अध्यक्षाची पारख करता येत नाही. विठ्ठलभाईंनी तो सोडला, मावळंकरांनी ठेवला आणि दोघेही आदरास पात्र ठरले. घोष यांच्या ठिकाणी विद्वत्ता उणी नव्हती, हेतू वाईट नव्हता. उणीव होती ती समोर उभ्या असलेल्या एका माणसाला चार मिनिटे देण्याची. यावर कोणी म्हणेल की, असला तटस्थपणा म्हणजे कणाहीनपणाच. अन्याय डोळ्यांसमोर घडत असता घड्याळ पाहात बसणे हा कसला धर्म? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर विठ्ठलभाईंनी १९३० मध्ये दिले आहे. मन ज्या दिवशी खुर्चीत मावेनासे होईल, त्या दिवशी उठावे. खुर्चीवर राहून तिचा उपयोग आपल्या मतासाठी करणे हा मात्र विश्वासघात होय, मग ते मत कितीही पवित्र असो.

दिल्लीच्या सभागृहाची ही कथा निमगावच्या पारापासून वाटते तितकी दूर नाही. सरपंचावर अविश्वासाचा ठराव आला, म्हणजे त्या सभेचे अध्यक्षस्थान तहसीलदार घेतो. इतकी दक्षता कायद्याने घेतली आहे. परंतु एरवी ग्रामसभेचा अध्यक्ष सरपंचच असतो. म्हणजे रस्त्याचा खर्च कोणी विचारला, तर ज्याने उत्तर द्यावयाचे त्यानेच प्रश्न विचारू द्यावयाचा की नाही, हे ठरवावयाचे! येथे तहसीलदार नाही, ९६ वे कलम नाही; आहे ती फक्त त्या गृहस्थाची सद्बुद्धी. म्हणूनच कोणत्याही थोर सभागृहाच्या अध्यक्षापेक्षा गावच्या सरपंचाची परीक्षा अधिक कठीण आहे, असे मला वाटते. सभेत एकटा पडलेला मनुष्य तेथे नुसता विरोधक नसतो. तो शेजारी असतो, बांधाला बांध लागलेला असतो, कित्येकदा भाऊबंदही असतो.

म्हाताऱ्याला मी दिलेले उत्तर आता मला बदलले पाहिजे. अध्यक्ष एका बाजूचा असतो. ज्याचे बोलणे कोणालाच ऐकावयाचे नाही, त्याच्या बाजूचा तो असतो. त्याचे मत खरे म्हणून नव्हे, तर त्याची पाळी आलेली आहे म्हणून. ती पाळी संपली की हात वर होतील, मोजले जातील, आणि बहुधा तो हरेल. मग घरी जाताना तो एवढेच म्हणू शकला की, "माझे ऐकले गेले," तर तेवढ्याने पुढच्या सभेलाही तो येईल.