अभयदानाचा हिशेब

पक्षी पिंजऱ्यात ठेवणं पाप आहे का, असं कोणी विचारलं की मी कायदा पुढे करायचो. मुनिया, पोपट ही आपल्या रानातली पाखरं. 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे ती पाळायची सोय नाही. माझे गोल्डियन फिंच मूळचे उत्तर ऑस्ट्रेलियाचे. त्या देशाने आपले पक्षी बाहेर विकणं 1960 साली बंद केलं, म्हणजे माझ्या पक्ष्यांच्या कित्येक पिढ्या जाळीतच जन्मल्या. पुढे 2015मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना उडण्याचा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं आणि माझा आडोसा जरा डळमळला. उरलासुरला शेजारच्या काकूंनी काढून घेतला.

काकू दिगंबर जैन. सांगलीत आमच्या गल्लीत निम्मी घरं त्यांचीच. दशलक्षण पर्वात त्या म्हणाल्या, "भाऊ, दानं चार. आहार देता, औषध देता, शास्त्र त्यांना कळायचं नाही. अभय कधी देणार?" मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या माणसाला अशा प्रश्नाचं उत्तर दुकानात सापडत नाही. मी म्हटलं, दार उघडलं तर संध्याकाळपर्यंत कावळा नाहीतर मांजर. त्या म्हणाल्या, "ते कळतंय मला. म्हणून तर विचारते."

आहाराचं त्यांचं म्हणणं खरं आहे. राळा, बाजरी, मोड आणलेलं धान्य, भाजून कुटलेलं अंड्याचं कवच, समुद्रफेन. डिसेंबरात पिंजऱ्यावर चादर आणि आत बल्ब, कारण थंडी या जातीला सोसत नाही. रात्री पक्षी श्वास घेताना टिकटिक ऐकू आली तर श्वसनमार्गात कीड झाली समजायचं आणि मानेच्या कातडीवर औषधाचा थेंब सोडायचा. एवढं करून नराची छाती जांभळी, पोट पिवळं, पाठ हिरवी, आणि डोकं काळं किंवा लाल. पिवळसर डोक्याचा रानात फार क्वचित. जॉन गूल्ड यांनी 1844मध्ये या पक्ष्याला आपल्या दिवंगत पत्नीचं, एलिझाबेथचं, नाव दिलं. रंगाबद्दल ऐकून लोक येतात, गाण्याबद्दल ऐकून कोणी येत नाही. नर ताठ उभा राहतो, चोच हलते, गळा थरथरतो, आणि दोन हातांवरून जेमतेम कुजबुज कानी येते.

काकूंनी मग तत्त्वार्थसूत्र काढलं. अहिंसेच्या अणुव्रताला पाच दोष लागतात: बांधणं, मारणं, अवयव कापणं, फार ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. मी चारांतून सुटतो, पहिल्यात अडकतो. या सूत्रावरच्या पूज्यपादांच्या टीकेत बांधणं म्हणजे जीवाला जिथे जावंसं वाटतं तिथे जाण्याला आडकाठी करणं. माझ्या मनात हेच घर करून बसलं. या पक्ष्याला जावंसं वाटतं कुठे? किंबर्लीतली निलगिरीच्या जातीची झाडं, त्यांच्या ढोल्या, कोरड्या ऋतूत गवताचं पडलेलं बी, हे त्याने पाहिलेलं नाही. तिथेही आगी आणि चरणारी गुरं यांमुळे गवताचं चक्र बिघडलं आहे, रानातली संख्या फार उतरली आहे.

म्हणून माझं मत असं झालं की दोष दाराचा नाही, पेटीचा आहे. पिंजऱ्यात घरट्याची लाकडी पेटी टांगली की मादी अंडी घालते, आणि ज्याला बाहेर नाहीच असा आणखी एक जीव मी तयार करतो. दार बंद ठेवणं ही नाइलाजाची गोष्ट. पेटी टांगणं ही हौस. व्यापारी तर गोल्डियनची अंडी बेंगलीज फिंचखाली सरकवतात, कारण गोल्डियन घरटं सोडून देतो असा त्यांचा अनुभव. ही बेंगलीज आपल्या सह्याद्रीतही दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेची पाळीव पोटजात. परक्या पिल्लाला ती भरवते, माणूस त्याची किंमत लावतो.

पिल्लं पाहणं हा मोह मात्र मोठा. टॉर्च धरली की उघड्या चोचीच्या कोपऱ्यांवर निळे मणी चकाकतात, ढोलीच्या अंधारात आईला तोंड सापडावं म्हणून असणार. पिसं आधी मळकट हिरवी. पुढे महिनोन्महिने ठिपक्याठिपक्याने रंग फुटतो. हे बघायला कोणाला नको वाटेल? परिग्रह म्हणजे वस्तूंचा ढीग नव्हे, त्यांत गुंतलेलं मन, असं काकूंचं शास्त्र सांगतं. त्या हिशेबाने रंगाची माझी भूक पक्ष्यापेक्षा मोठी आहे.

गेल्या वर्षी पेटी काढली. काकूंना सांगितलं, त्यांना बरं वाटलं. पण माद्या थांबल्या नाहीत. एकीची चोच काळवंडली, म्हणजे ती विणीला आली. नारळाच्या काथ्याचे तंतू उचलून तिने धान्याच्या वाटीत गोल रचले आणि वाटीतच अंडं घातलं. तिला जिथे जावंसं वाटत होतं ती जागा ढोली होती, आणि ती मीच काढून घेतली होती. बांधल्याचा दोष सोडवायला गेलो तो दुसऱ्या दाराने आत आला.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मग नर वेगळे ठेवा." वेगळे ठेवलेत. आता जाळीच्या एका बाजूला नर उंच दांडीवर तोच न ऐकू येणारा राग आळवतो, दुसऱ्या बाजूची मादी अंग चोरून दाणे वेचते, आणि काकू म्हणतात, "भाऊ, हे अभयदान का बंध, ते तुम्ही ठरवा."