करार व्हिएन्नात, खर्रा पानठेल्यावर

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याच सुमारास, २६ तारखेला, अमली पदार्थविरोधी दिन येतो. संयुक्त राष्ट्रांनी तो १९८७ मध्ये ठरवला. वाशीम जिल्ह्यात तेव्हा सोयाबीन-तुरीच्या पेरणीची घाई असते. प्रभातफेरी निघते, शपथ होते, की झाले.

देशांनी एकमेकांना साथ दिल्याशिवाय अमली पदार्थांचा व्यापार आवरत नाही, हे खरेच. १८३९ मध्ये चीनने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. ती अफू हिंदुस्थानात पिकलेली होती, विकणारे बहुतेक इंग्रज होते, आणि एकट्या चीनच्या बंदीचा शेवट युद्धात झाला. पुढे १९६१ चा आणि व्हिएन्नातला १९८८ चा असे आंतरराष्ट्रीय करार झाले. आपला अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा.

पण मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या पोराची नशेशी पहिली गाठ पडते ती पानठेल्यावर. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा आठवी-नववीतला मुलगा खिशात घालून वर्गात बसतो. त्याच्यापुढे ब्राउन शुगरची भित्तिपत्रके लावून उपयोग काय? ज्याला तो रोज हात लावतो, तिथून बोलायला सुरुवात हवी. तेही त्याला आपल्या वाटणाऱ्या माणसाने बोलायला हवे. याच जिल्ह्यात बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी आहे. व्यसनापासून दूर राहा, ही संत सेवालाल महाराजांची शिकवण हा समाज भजनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. तांड्याचा नायक आणि भजनी मंडळातल्या बाया जे पोचवतील, ते परिपत्रकाने पोचणार नाही, असे मला ठामपणे वाटते.

मात्र शिकवणीचे रूपांतर धिक्कारात झाले, तर व्यसनी मुलगा लपतो. आईबाप 'कामाला पुण्याला गेलाय' असे सांगत राहतात, आणि उपचाराची वेळ निघून जाते. आपण जनजागृतीत तुरुंगाची भीती भरपूर घातली. १९८५ च्या त्या अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम ६४-अ मात्र गावात क्वचितच कुणाला ठाऊक असते. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करतो, तेव्हा त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावीच.

शिक्षकांनो, सरपंचांनो, यंदा शपथेच्या फलकाखाली हे कलम सोप्या मराठीत लिहा. शेजारी व्यसनमुक्तीचा निःशुल्क क्रमांक १४४४६ ठळक रंगवा, आणि तो फलक २७ जूनला उतरवू नका.