थकलेल्या पायांचं घर

जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या हौशी फेऱ्या बेकायदा ठरवल्या आणि त्या बंद करायला वर्षभराची मुदत दिली. घोड्यांच्या मानेवरचं ओझं उतरणार होतं. पण पुढे?

म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, त्याला मऊ, भिजवलेला खुराक लागतो. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर साळावे लागतात. निवारा म्हणजे हे सगळं, रोजचं. जनावरांचा निवारा मुंबईला नवा नाही: 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शेठ यांनी इथे पांजरापोळ उभारलं.

केळापूर तालुक्याच्या कपाशीच्या मुलखात निवाऱ्याचा हाच प्रश्न म्हाताऱ्या बैलाचा आहे. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. पण नुसत्या बंदीने कडबा मिळत नाही.

पोळ्याला बैल सजवणाऱ्यांनी यंदा जवळच्या गोशाळेत थोडा कडबाही पोचवावा.